मागच्या बाकावरची बाई

दुपारची भांडी घासून झाली की मी पदराला हात पुसत दाराशी येते आणि बाहेरच्या पायरीवर कोणी बसलं आहे का ते बघते. कोणी नसतं. कधी कुत्रं असतं, कधी नुसतं ऊन. पण ते बघितल्याशिवाय मला आत जाऊन पडता येत नाही. ही सवय माझी नव्हती, जजसाहेबांची होती. ते पुण्याला लेकीच्या घरी वारले त्याला वर्ष होत आलं, आणि सवय माझ्याकडे राहिली.

मी चौथीपर्यंत शिकलेली. त्यांच्या कामाबद्दल मला जे समजलं ते त्यांनी सांगितलं तेवढंच. ते नागपूरच्या हायकोर्टात जज होते. खालच्या कोर्टाचा निकाल ज्याला मान्य नसतो तो वर अपील करतो. ती अपिलं त्यांच्यापुढे येत. त्यांचं मूळ गाव इकडचंच, नेरच्या बाजूचं. बायको वारलेली, एकुलती एक लेक मेघाताई पुण्याला. नागपूरला चांगलं घर होतं. असा माणूस आमच्या बोरी अरबला रस्त्याच्या कडेचं दोन खोल्यांचं घर घेऊन एकटाच राहायला आला, तेव्हा गावात खूप बोलणी झाली. कोणी म्हणे लेकीशी पटत नाही, कोणी म्हणे इकडे जमीन घ्यायची असेल. पानठेल्यावर तर ठरूनच गेलं होतं की साहेब निवडणुकीला उभे राहणार.

मला त्यांच्याकडे कामाला लावलं शेजारच्या रुख्माबाईने. ती म्हणाली, "त्यायले न बोलणारी बाई पाहिजे. तुयाशिवाय गावात दुसरी आहेच कोण? जाय, दोघं मिळून गप बसा."

ती थट्टा करत होती, पण झालं तसंच. साहेब सकाळी पेपर घेऊन बसत आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचत. औषधाच्या डबीतला बारीक अक्षरांचा कागदसुद्धा पूर्ण वाचून मग गोळी घेत. मला ते "शांताबाई" म्हणत, आणि "तुम्ही" म्हणत. माझ्याशी बोलताना मात्र त्यांची नजर टेबलावर, नाही तर स्वतःच्या हातांवर. कोणीही आलं तरी तसंच. समोरचा बोलत असे आणि हे मान खाली घालून ऐकत. लोकांना वाटे, मोठा माणूस आहे, गर्व असणारच.

कामाला लागून वर्ष झालं होतं तेव्हाची गोष्ट. बाजाराच्या दिवशी मी वांगी निवडत होते आणि साहेब हातात पिशवी घेऊन समोरून आले. माझ्याकडे बघितलं आणि तसेच पुढे गेले. मला वाटलं, बाजारात कामवालीशी काय बोलायचं, म्हणून गेले असतील. पण त्यांना लिंबं आणायला सांगायचं होतं, म्हणून मी मागून हळूच "साहेब" म्हटलं. ते लगेच थांबले. "शांताबाई, तुम्ही कुठे आहात?" म्हणाले आणि आजूबाजूच्या बायकांकडे बघू लागले. मी पुढ्यातच उभी होते.

घरी आल्यावर त्यांनीच विषय काढला. "मी तुमचा चेहरा कधी पाहिला नव्हता. राग मानू नका. चेहरा पाहिला की माणसाबद्दल मत होतं, आणि मत झालं की पुढचं ऐकू येत नाही. म्हणून मी ती सवय लावून घेतली. अपिलात तसाही चेहरा येत नाही. साक्षीदार खालच्या कोर्टात बोलून गेलेला असतो. वर येतात ते कागद. तो रडत बोलला का दात काढत बोलला, ते कागदावर नसतं."

मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार?

जेवणाबद्दल ते कधी चांगलं-वाईट बोलले नाहीत. एकदा माझ्या हातून वरणात दोनदा मीठ पडलं. त्यांनी मुकाट्याने जेवण केलं, ताट सरकवलं आणि हात धुतले. मी नंतर जेवायला बसले आणि पहिला घास तोंडातच राहिला. मी त्यांना म्हटलं, "साहेब, खारट झालं होतं तं सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्हाला तुमची बाजू मांडायला वेळ द्यावा लागला असता," ते म्हणाले. "तोवर पोळी थंड झाली असती."

हे त्यांनी इतक्या गंभीरपणे म्हटलं, की ती थट्टा होती हे मला संध्याकाळी समजलं.

शेजारच्या रुख्माबाईचं आणि तिच्या जावेचं, कौसल्येचं, नेहमीचं भांडण. उन्हाळ्यात रुख्माबाई वाळवण घाली आणि कौसल्येच्या कोंबड्या त्यात चोच मारत. रुख्माबाई एक दिवस तरातरा साहेबांकडे आली. "तुमी एवढे मोठे जज, तुमीच सांगा, कोंबडी बांधून ठेवाव का नाही मानसानं?"

साहेबांनी मला कौसल्येला बोलवायला पाठवलं. ती आली, पदर खोचूनच. साहेब म्हणाले, "एकजण बोलेल, दुसरीने मध्ये बोलायचं नाही. सगळं झाल्याशिवाय उठायचं नाही."

रुख्माबाई बोलली. कुरड्यांपासून सुरू झाली आणि लग्नातल्या साडीपर्यंत गेली. मग कौसल्या बोलली. ती तर सासऱ्याच्या आजारपणापर्यंत गेली. साहेब हातांकडे बघत ऐकत होते. मी मध्ये चहा दिला. शेवटी दोघींचं बोलून संपलं, आणि कोणालाच काही सुचेना.

"मंग?" रुख्माबाई म्हणाली.

"निकाल राखून ठेवला आहे," साहेब म्हणाले.

"म्हंजे कवा देता?"

"तुम्हाला घाई आहे का?"

दोघी एकमेकींकडे बघत उठल्या. बाहेर जाता जाता कौसल्या म्हणाली, "बुढा काही कामाचा नाही बापा." रुख्माबाई म्हणाली, "पन ऐकते बिचारा." दुसऱ्या दिवशी कौसल्येने कोंबड्या टोपलीखाली डालल्या. तो निकाल साहेबांनी शेवटपर्यंत दिला नाही.

सगळं ऐकून घेतल्याशिवाय ते कोणालाच उठू देत नसत. भाजीवाला, मीटर बघायला आलेला माणूस, चुकून दार वाजवणारा, सगळ्यांना ते विचारत, "आणखी काही सांगायचं राहिलं का?" लोक हसत. मलाही ते आधी वेडेपणाचं वाटे.

पण एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. रोज दुपारी जेवणानंतर ते खाटेवर आडवे होत. झोप लागे न लागे तोच आवाज देत, "शांताबाई, बाहेर कोणी बाई बसली आहे का?"

मी बाहेर जाऊन बघे. पायरी रिकामी असे. "नाही साहेब, कोणी नाही."

"बसली असेल तर तिला सांगा..." एवढं म्हणत आणि थांबत. काय सांगायचं ते कधी बोलत नसत. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहत, पण झोपत नसत. त्यांची पाठ जागी आहे हे मला स्वयंपाकघरातून समजे.

आधी मला वाटलं, म्हातारपणचा भास असेल. पुढे पुढे मलाच ते घर दुपारचं नको वाटू लागलं. भांडी घासताना वाटे, पायरीवर कोणीतरी पाय पोटाशी घेऊन बसलं आहे आणि मी न बघताच "नाही" म्हणून सांगते आहे. म्हणून मी प्रत्येक वेळी खरोखर जाऊन बघे. एकदा तर पायरीवर हात ठेवून पाहिला. दगड तापलेला होता. कोणी बसलेलं नव्हतं, हे नक्की झालं म्हणून बरं वाटलं, आणि आपण हे काय करतो आहोत म्हणून भीतीही वाटली.

दिवाळीनंतर एका दुपारी त्यांनी पुन्हा विचारलं. मी तुरीच्या शेंगा सोलत होते. त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "कोणती बाई, साहेब?"

ते उठून बसले. माझ्याकडे बघितलं. माझ्याशी बोलताना सरळ तोंडाकडे, पहिल्यांदाच. मी घाबरून शेंगांमध्ये मान घातली.

"तांड्यावरची," ते म्हणाले. "आरशांची ओढणी होती. कोर्टात मागच्या बाकावर बसली होती."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मधून मधून थांबत, पण काही न गाळता.

इथून दारव्ह्याच्या रस्त्याला फाट्यावरून आत एक तांडा आहे. बंजारा लोकांची वस्ती. आता सगळे शेती करतात. तिथल्या थावरा नावाच्या माणसाचं धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, एकाशी भांडण झालं होतं. पुढे तो माणूस नाल्यात मेलेला सापडला, डोक्याला मार होता. खून थावराने केला असं म्हणून केस झाली. खालच्या कोर्टाने त्याला सोडलं. सरकारने वर अपील केलं, ते साहेबांपुढे आलं. बाजूला दुसरे एक जज होते, पण निकाल साहेबांनी लिहिला, आणि थावराला जन्मठेप झाली.

"कशावरून?" मी विचारलं. हा त्यांचाच शब्द, माझ्या जिभेवर बसलेला.

"बोकडावरून," ते म्हणाले. "खून झाल्यावर थावराच्या घरून तांड्याला बोकड दिला गेला होता. तांड्याच्या नायकाने कोर्टात तसं सांगितलं. बाकीचे पुरावे सगळे सुटे सुटे होते. बोकडाने ते बांधले गेले."

मला नीट समजलं नाही हे त्यांना दिसलं असावं.

"नेरला आमचं वावर तांड्याला लागूनच होतं, शांताबाई. मी लहानपणी पाहिलं होतं. तांड्याच्या पंचायतीत ज्याची चूक निघते तो बोकड देतो. खालच्या जजने लिहिलं होतं, बोकड दिल्याने गुन्हा सिद्ध होत नाही. तो माणूस कोकणातला होता. मला वाटलं, याला आपला मुलुख काय माहीत? मी इथला आहे, मला माहीत आहे. आणि मी तसं लिहिलं."

निकालाच्या दिवशी त्यांनी इंग्रजीत वाचून दाखवलं. वकील निघून गेले. मागच्या बाकावरची बाई बसूनच राहिली. तिने पट्टेवाल्याला विचारलं, "भाऊ, आमचा नंबर कवा?" पट्टेवाला म्हणाला, "झालं बाई, निघा आता." तेव्हा ती जे म्हणाली ते ऐकून साहेबांनी मान वर केली होती.

ती म्हणाली, "झालं कसं? मी तं अजून बोललीच नाही."

साहेब खाटेच्या कडेला सरकून बसले. मग म्हणाले, "अपिलात वकील बोलतात. तिला बोलायचं असं नियमाप्रमाणे काही नव्हतंच. मी आत गेलो, चहा घेतला. पुढची अपिलं ऐकली. कितीतरी वर्षं ऐकली. माझं काम संपलं, मी घरी आलो. ती बाई मात्र उठली नाही. ती थावराची बायको होती हे मी नंतर विचारून घेतलं. ती काय सांगायला आली होती, एवढंच मला समजलं पाहिजे. म्हणून मी इथे आलो."

"मंग तांडा तं जवळच आहे साहेब. गेले काहून नाही?"

"दोन वर्षं हाच प्रश्न मी स्वतःला विचारतो आहे," ते म्हणाले. "तुम्ही येता का बरोबर? बाईमाणसाशी बोलायचं आहे. मी एकटा कसा जाऊ?"

दुसऱ्या दिवशी आम्ही ऑटोने गेलो. साहेबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. तांड्यात कापूस घरी आलेला होता, ओसऱ्या पांढऱ्या दिसत होत्या. थावराचं घर शेवटचं. तो अंगणात बाज विणत बसला होता. केस सगळे पांढरे, हात मात्र झरझर चालत होते.

"राम राम," साहेब म्हणाले. "थावरा तुम्हीच का?"

"मीच. बसा ना. कोन्या गावचे म्हनाव?"

"मी नागपूरच्या कोर्टात जज होतो."

त्याचा हात थांबला नाही. "खालचे का वरचे?"

"वरचे."

"मंग तुमीच," तो म्हणाला. "खालच्यानं तं मले सोडलं होतं." आणि घरात बघून आवाज दिला, "पानी आन ओ माय, पाहुने आले."

सतरा-अठरा वर्षांची पोरगी पाणी घेऊन आली. त्याची नात. साहेबांनी पाणी घेतलं आणि ग्लास हातात धरूनच विचारलं, "तुमच्या घरचं माणूस आहे का? मला त्यांच्याशी बोलायचं होतं."

"जमनीशी? उशीर केला साहेब तुमी. मी तुरुंगात होतो तवाच गेली ते."

साहेबांनी पाणी तसंच पुढे केलं. मी ग्लास घेतला. ते खुर्चीत होते तसे मागे टेकले, आणि मला वाटलं, आता हे उठून चालू लागतील. पण ते म्हणाले, "त्या निकालाच्या दिवशी कोर्टात आल्या होत्या. काहीतरी सांगायला. काय सांगायचं होतं त्यांना?"

थावराने दोरी दातात धरून ताणली, गाठ मारली.

"बोकडाचं," तो म्हणाला. "बोकड तिनं देल्ला होता. मी पोलिसाच्या भेवानं पुसदकडं बहिनीच्या घरी पळून गेलतो. इकडं मेलेल्याचे भाऊ रोज दारात येऊन शिव्या देत. पोरं लहान होते. तिनं नायकाले म्हनलं, हा बोकड घ्या अन् हे बंद करा. माया मानसानं केलं म्हनून नाही, माये पोरं रात्री ओरडत उठतात म्हनून. आमच्यात घरातलं कोनी बी दिलं तरी नाव कर्त्या मानसाचंच होते. नायकानं कोर्टात सांगतलं, थावराचा बोकड. त्यानं बी काही खोटं नाही सांगतलं."

"वकिलाला हे सांगितलं नाही?"

"सांगतलं ना. तो म्हने, बायकोच्या बोलन्याले कोन इचारते. मंग ते म्हने, मी सोताच सांगते मोठ्या सायबाले. भाकर बांधून गेलती."

अंगणात कोंबडं फिरत होतं. मग साहेबांनी विचारलं, "थावरा, तुम्ही त्याला मारलं होतं का?"

आता मात्र थावराचे हात थांबले. "हे तुमी मले आता इचारून राह्यले?"

"हो."

"नाही मारलं."

साहेब त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. थावराही बघत राहिला. मला ते बघवेना, मी पोरीकडे वळले. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

शेवटी थावराच बोलला. "आता तुमी आलेच आहात तं एक काम करा. ह्या पोरीले पुसदचं स्थळ आलं होतं. चांगलं होतं. मंग कोनीतरी त्यायच्या कानात घातलं, आजा खुनी आहे म्हनून. मी तुरुंगातून आल्यापासून तांडा माह्याशी बोलते, बसते, पन मनात तेच आहे. मोठ्या कोर्टानं सांगतलं म्हनून. तवा तुमच्या शब्दानं झालं, आता बी तुमच्याच शब्दानं होईल. चार लोकायपुढं सांगा. मले दुसरं काही नाही पाहिजे."

"कोर्टाचा निकाल मला आता बदलता येत नाही," साहेब म्हणाले.

"कोर्टात नाही. इथं."

साहेबांनी होकार दिला.

पुढच्या रविवारी तांड्यात थावराच्या घरासमोर कडुलिंबाखाली लोक जमले. नायक म्हणजे जुन्या नायकाचा पोरगा, गळ्यात मोबाइल लटकवलेला, पण साहेबांना त्याने वाकून नमस्कार केला. पुसदहून त्या स्थळाच्या मुलाचा मामा आला होता. मेलेल्या माणसाचा एक म्हातारा भाऊ लांब दगडावर बसला होता. मी बायकांच्या मागे होते.

साहेब बोलायला उभे राहिले. इतके दिवस त्यांनी माझ्याशी शुद्धच भाषा ठेवली होती. त्या दिवशी ते नेरच्या पोरासारखे बोलले. म्हणाले, "मी तुमच्या तांड्यातल्या मानसाले जन्मठेप देल्ली. बोकडावरून देल्ली. मले वाटलं, मले तांड्याचं सारं ठाऊक आहे. मले काहीच ठाऊक नव्हतं. बोकड जमनीबाईनं देल्ला होता, पोरायले झोप लागाव म्हनून. ते मले सांगाले आलती, अन् मी तिले ऐकलं नाही. चूक माही आहे."

एक म्हातारी तोंडाला ओढणी लावून रडू लागली. थावरा पुढे बसला होता. मला त्याची मानच दिसत होती, आणि ती मान हळूहळू सरळ होताना मी पाहिली. दारातल्या पोरीने डोक्यावरची ओढणी नीट केली.

तेव्हा पुसदचा मामा म्हणाला, "म्हंजे साहेब, ह्यानं मारलं नाही असं तुमी सांगून राह्यले. बराबर आहे ना?"

त्याला फक्त एक शब्द पाहिजे होता. सगळ्यांनाच पाहिजे होता. लांबच्या दगडावरचा म्हातारा भाऊसुद्धा वाकून ऐकत होता. साहेबांनी तोंड उघडलं. त्यांची नजर खाली, स्वतःच्या हातांवर गेली.

"ते मला माहीत नाही," ते म्हणाले.

"म्हंजे मारलं बी असंल?"

"मला माहीत नाही. मी ज्यावरून ठरवलं ते चुकीचं होतं, एवढंच मी सांगू शकतो."

लोकांमध्ये कुजबुज सुरू झाली. मामाने नायकाकडे बघून ओठ मुरडले. थावरा उठला, खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि घराकडे गेला. पोरगी दारातून बाजूला झाली, तो आत गेला, आणि दार लागलं.

येताना ऑटोत मी रस्त्याकडे बघत बसले. पण फाट्यावर आल्यावर मला राहवलं नाही. "साहेब, एक 'हो' म्हटलं असतं तं..."

"ते खरं असतं का?"

"त्या पोरीसाठी तं झालं असतं."

ऑटोचा आवाज मोठा होता. मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. गाव जवळ आल्यावर ते म्हणाले, "एकदा माहीत नसताना माहीत आहे म्हणून लिहिलं, शांताबाई. दुसऱ्यांदा तेच कसं करू?" आणि थोड्या वेळाने, "तो 'नाही मारलं' म्हणाला तेव्हा मी त्याच्याकडे पाहत होतो. तुम्हीही होत्या. मला त्याच्या तोंडावर काहीच वाचता आलं नाही. तुम्हाला काय वाटलं?"

मी म्हटलं, "मले वाटलं तो खरं बोलला."

"कशावरून?" ते म्हणाले. ते मला खोडून काढत नव्हते. त्यांना खरंच पाहिजे होतं, माझ्याकडून, काहीतरी. मी पुष्कळ विचार केला. मला सांगता आलं नाही.

पुसदची मंडळी परत आली नाहीत. साहेबांनी त्या दिवसानंतर दुपारी आवाज द्यायचं बंद केलं. मी भांडी घासताना वाट बघे, आता विचारतील, आता विचारतील. घर आधीपेक्षा जास्त जड वाटू लागलं. ते जेवत कमी, पेपर अर्धाच वाचत. बाजाराच्या दिवशी मात्र लवकर उठून, सदरा घालून, कुठे जातो ते न सांगता बाहेर पडत आणि ऊन चढल्यावर येत. पायाला रस्त्याची धूळ असे. मी विचारलं नाही. मेघाताईंना कोणीतरी फोन केला असावा. त्या गाडी घेऊन आल्या आणि त्यांना पुण्याला घेऊन गेल्या, तेव्हा मी दारव्ह्याला बहिणीकडे होते. त्यामुळे त्यांचा निरोप असा झाला नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दारव्ह्याला जाताना, बसमधून.

बाजाराचा दिवस होता. बस बाजारातून निघालेल्या माणसांनी भरलेली. मला खिडकीजवळ जागा मिळाली होती. पुढच्या सीटवर थावरा बसला होता, मांडीवर पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी बाहेर आलेली. त्याने मला ओळखलं की नाही ते समजलं नाही. तांड्याच्या फाट्यावर कंडक्टरने घंटी मारली.

फाट्यावर मैलाचा दगड आहे. त्यावर साहेब बसले होते. डोक्याला रुमाल, हातात काठी. बसच्या दाराकडे बघत होते, उतरणाऱ्या एकेका माणसाच्या तोंडाकडे. आधी दोन बायका उतरल्या. मग थावरा पिशवी सांभाळत उतरला.

साहेब काठीवर भार देऊन उभे राहिले.

थावरा त्यांच्या पुढून गेला. थांबला नाही, वळला नाही, वेगही वाढवला नाही. त्या दोन बायकांच्या मागून तांड्याच्या वाटेला लागला. कंडक्टरने दारातून वाकून म्हटलं, "आबा, येता का? बसा लवकर." साहेबांनी मान हलवली नाही. त्याने दोनदा घंटी मारली आणि बस निघाली. मी मागच्या काचेतून बघत होते. थावराचा पांढरा सदरा कापसाच्या पऱ्हाटीच्या आड दिसेनासा झाला होता. साहेब त्या वाटेकडे तोंड करून तसेच उभे होते. बस वळेपर्यंत ते खाली बसले नाहीत.